लेव्हल न वाढवणारा माणूस

डोमेनराव पन्नाशीचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि भर मे महिन्यात अंगात स्वेटर, कारण निम्मं आयुष्य सर्व्हर रूमच्या एसीत गेलेलं. खरं नाव पगारपत्रकावर असेल. मध्यम आकाराच्या प्रत्येक कंपनीत ते सापडतात. पुण्यात जरा जास्तच.

नाशिकला शाखा निघाली की मालक पेढे वाटतो आणि डोमेनराव गंभीर होतात. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत नवं डोमेन जोडायचं म्हणजे फंक्शनल लेव्हल निवडणं आलं. मुलीच्या बापानं स्थळं चाळावीत तसा त्यांचा माऊस यादीवरून फिरतो: २००८, २००८ आर२, २०१२, २०१२ आर२, २०१६. सर्व्हर नवाकोरा, २०२२चा. बोट मात्र २००८वर. आणखी खाली जायलाही त्यांची ना नव्हती. पण यादी तिथंच संपते, आणि नव्या डोमेनला फॉरेस्टच्या लेव्हलखाली बसता येत नाही.

"सर, सगळे डीसी नवे आहेत. २०१६ घ्या की," हाताखालचा पोरगा सुचवतो.

"वाढवता कधीही येते रे. उतरवायला कोण, तुझा काका येणार?"

ही भीती कमावलेली आहे. विंडोज २०००च्या काळात मिक्स्ड मोड असे, एनटी ४.०चे म्हातारे डोमेन कंट्रोलर सांभाळून घेणारा. एकदा नेटिव्हला गेलं की परतीची वाट बंद. तेव्हा डोमेनरावांचं बरोबरच होतं. पुढे मायक्रोसॉफ्टनं काही लेव्हल अटी घालून उतरवायची सोय केली, पण ती त्यांनी मनावर घेतली नाही.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे अकाउंट्सच्या मॅडमचं विंडोज ७. "लेव्हल वाढवली आणि ते मशीन बसलं, तर पगार तुम्ही काढणार?" यापुढे एमडीसुद्धा गप्प. वास्तविक लेव्हल ठरवते ती डोमेन कंट्रोलरवर कोणतं विंडोज चालेल आणि डिरेक्टरीत कोणत्या सोयी मिळतील एवढंच. मॅडमच्या टेबलाशी तिला काही देणंघेणं नाही. डोमेनरावांना हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

कारण खरी गंमत पुढे आहे. फॉरेस्ट २००८ आर२ला नेलं की डिरेक्टरीत रिसायकल बिन चालू करता येतो. उडालेलं खातं लगेच परत. २००८वर ती चैन नाही. त्यामुळे पोराच्या हातून अख्खा सेल्स विभाग डिलीट झाला की डोमेनराव रात्री डबा मागवतात, डीसी रिस्टोअर मोडमध्ये घेतात आणि बॅकअपमधून माणसं जिवंत करतात. सकाळी सेल्सवाले लॉगिन होतात, एमडी सर्वांदेखत पाठ थोपटतात. रिसायकल बिनवाल्याची पाठ कोण थोपटणार?

मग सर्व्हर २०२५ आला. २०१६च्या खालच्या डोमेनात डीसी व्हायला त्याचा साफ नकार. वरून हुकूम सुटला. डोमेनरावांनी शनिवार निवडला, बॅकअप घेतला, बॅकअपचा बॅकअप घेतला, घरी उशीर होईल म्हणून कळवलं आणि क्लिक केलं. काहीच झालं नाही. रविवारी कुणाचा फोनही आला नाही, हे त्यांना फार लागलं.

सोमवारी ते जातीनं अकाउंट्समध्ये गेले. मॅडम विंडोज ७वर व्हाउचर छापत होत्या.

"काही अडचण?"

"नाही बुवा. का हो?"

डोमेनरावांनी प्रिंटरकडे संशयानं पाहिलं. "आत्ता चालतंय. मार्चएंडला बघू."