सोळा वर्षांचा कामगार

दहावीचा पेपर देऊन झाला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: ‘सुट्टीत काहीतरी काम कर, पैशाची किंमत कळेल.’ कार्टं खरोखरच कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे फोडायला उभं राहिलं, की मात्र त्याच घरात सुतक पडतं. ‘जोश्यांनी पाहिलं ना रे तुला!’ न्यू जर्सीतली भाची कॅफेत टेबलं पुसते, हे याच जोश्यांना पेढ्यासोबत सांगून झालेलं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’वर भाषण ठोकून बक्षीस आणणं ठीक, कमवायचं कसलं?

दुकानदाराचीही पंचाईत असते. पाटी ‘मुलगा पाहिजे, अनुभव आवश्यक’ अशी. सोळाव्या वर्षी अनुभव हवा, म्हणजे नवव्या वर्षी कुठेतरी चिकटायला हवं होतं. आणि चौदाच्या आत कामाला ठेवणं तर गुन्हा. सवलत आहे ती शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावायला आणि मालिकांत रडायला.

चौदा ते अठरामधल्यांसाठी कायदा फारच कनवाळू. धोक्याचं काम नको, दिवसाला सहा तासांवर नको, मध्ये विश्रांती हवी, संध्याकाळी सात ते सकाळी आठ तर काम नकोच, आठवड्याची सुट्टी द्याच. एवढं वाचून मुलाने बापाला विचारलं, ‘हे सकाळी सहाच्या क्लासला लागू आहे का?’

बापाने फीची पावती दाखवली. पुढच्या दोन वर्षांची होती.