किरकोळ कामं

चैत्र लागला की लालबाग-परळकडून साईबाबांच्या पालख्या निघतात. डॉ. आंबेडकर रस्त्याने हिंदमाता, दादर टीटी, किंग्ज सर्कल, गांधी मार्केट असं करत त्या शीवच्या सर्कलला येतात आणि इथून पूर्व द्रुतगती मार्ग धरतात. पुढे बँजो, मागे सामानाचा टेम्पो आणि मध्ये पांढऱ्या टी-शर्टांतली माणसं. टी-शर्टाच्या पाठीवर मंडळाचं नाव, त्याखाली शिर्डीवाल्याचा आशीर्वादाचा हात आणि त्याच्याही खाली, हाताच्या छायेत बसल्यासारखं, एखाद्या इच्छुक नगरसेवकाचं नाव. शिर्डी इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. निघताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर संसाराची कटकट मागे टाकल्याची एक झळाळी असते. ती झळाळी लालबागपासून शीवपर्यंत टिकते. शीवला पहिली चप्पल तुटते.

हे मी शीवचा रहिवासी म्हणून सांगतो. सहा-सात किलोमीटर हे अंतरच तसं लबाड आहे. उत्साहाने चाललेल्या माणसाला ते जाणवत नाही, चपलेला जाणवतं. सर्कलजवळ बसणारा मोची पालख्यांच्या संध्याकाळी पेटी आवरत नाही. समोरून भजन येत असतं आणि तो भजनाकडे नव्हे, भजन म्हणणाऱ्यांच्या घोट्यांकडे पाहत असतो. कोणाचा पाय फरपटतोय, कोणाचा सोल टाळ्या वाजवतोय, हे त्याला ढोलकीच्या आवाजातही कळतं. गल्लीतल्या लोकांचं लिंबू सरबत सुरू असतं, त्या आडोशाला चार-पाच भक्त एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची वाट बघत असतात. तेही एक तप आहे, पण कोणत्याच पोथीत त्याची नोंद नाही.

मुंबई सोडताना शीवला थांबून एकदा खाली बघून घ्यायचं, ही रीत पदयात्रींनी पाडली असं मात्र नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. एवढ्या थाटात निघालेली ती गाडीसुद्धा शीवला थांबली, इंजिनाने पाणी घेतलं, चाकांना वंगण लावून घेतलं, असं वाचायला मिळतं. त्याआधी पावणेदोनशे वर्षं इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो खाडीपलीकडच्या पोर्तुगीजांच्या साष्टीवर नजर ठेवायला. मुंबई इथे संपत होती. माणूस जिथे घर सोडतो तिथेच त्याला चपलेची, वंगणाची नाहीतर तोफेची आठवण होत असावी.

मी राहतो शीवला आणि चालतो लालबागच्या मंडळाबरोबर, कारण बालपणीची चाळ तिथली. त्यामुळे माझ्या यात्रेत एक विनोदी प्रसंग दरवर्षी ठरलेला. घरातून टॅक्सीने लालबागला जायचं आणि तिथून घाम गाळत पायी आपल्याच घरासमोर यायचं. गॅलरीत बायको उभी असते. मी तिला असा हात करतो जणू काही हिमालयातून परततोय. आमच्या इमारतीखाली चहाचं टेबल लावलेलं असतं. ज्या शेजाऱ्याशी माझं पार्किंगवरून बोलणं बंद आहे, त्याने एकदा मला ‘ओम साईराम’ म्हणून वाकून नमस्कार केला आणि उठल्यावर चेहरा पाहिला. नमस्कार काही परत घेता येत नाही. त्याने माझ्या हातात चहाचा कप दिला, मी घेतला, आणि दोघांनीही ते सगळं बाबांच्या खात्यावर टाकलं.

पालखी रात्री आणि पहाटे चालते, कारण दुपारचं डांबर सोल चिकटवलेलं सोल्यूशन वितळवून ठेवतं. दुपारी एखाद्या शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात मुक्काम. तिथे पाठ टेकावी, ध्यान करावं, निदान झोपावं, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मुक्कामाला पोचल्याबरोबर लोक बाजाराला निघतात. गाडीतून जाणाऱ्याला शहापूर म्हणजे हायवेवरची एक पाटी. पायी आलेल्याला शहापूर म्हणजे एक मोची, एक मेडिकल आणि त्या दोघांमधलं अंतर. माहुलीचे सुळके समोर आभाळाला टेकलेले असतात. १६३६ मध्ये शहाजीराजांनी त्याच गडावरून मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिलं. इतिहासाची एवढी मोठी भिंत समोर उभी, आणि आम्ही तिच्या पायथ्याशी सेफ्टी पिनांचं पाकीट सुटं मिळेल का म्हणून घासाघीस करतोय. सुळके बघायला मान वर करावी लागते, आमच्या माना दोन दिवस खालीच.

तिथला मेडिकलवाला मला फार आवडतो. तो ‘काय देऊ’ असं विचारतच नाही. दुकानाच्या दोन पायऱ्या आपण कशा चढतो एवढंच तो पाहतो. टाचेवर चढलात तर कापूस आणि चिकटपट्टी. पावलाच्या कडेवर चढलात तर फोड तळव्याला आहे, मलम. आणि पाय फाकवून, अत्यंत प्रतिष्ठितपणे, कुठल्याशा सभेचं अध्यक्षस्थान स्वीकारायला निघाल्यासारखे चढलात, तर तो एक शब्द न बोलता खोबरेल तेल आणि पावडरचा डबा खाकी पिशवीत घालून पिशवीचं तोंड दोनदा दुमडून देतो. त्या दुसऱ्या घडीत जी सभ्यता आहे ती मी मोठमोठ्या कार्यालयांत पाहिलेली नाही. फोडातून सुईने दोरा ओवून तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं, ही पदयात्रींची जुनी विद्या. डॉक्टर नको म्हणतात. मेडिकलवालाही नको म्हणतो आणि सुई देतो.

माझ्या आजीची वारी वेगळी, आळंदीहून पंढरपूरची, पण तिचीही निम्मी यात्रा अशीच बाजारात व्हायची. तिच्या पडशीत दाभण, सुतळी, मेणाचा गोळा, परकराची नाडी आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा असे. हा टायर का, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “विठोबा विटेवर उभा आहे, त्याला काय! झिजायचं ते आपल्याला.” पालख्यांचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो, ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. त्या दिवशी पुण्यातले मोची रस्त्यावर बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात, न्हावी दाढ्या करून देतात, छत्रीवाले काड्या बदलून देतात. पुढच्या टप्प्याला दिवेघाट चढून सासवड गाठायचं असतं, तेव्हा जे काय सांधायचं ते इथेच. आजी इतक्या वेळा पुण्याला जाऊन आली, पण शनिवारवाडा कुठल्या दिशेला हे तिला सांगता येत नसे. अंगठा घट्ट कोण शिवतो आणि कोण नुसता धागा फिरवतो, हे मात्र ती पेठेगणिक सांगायची.

पण तिचं खरं प्रेम होतं समाज आरतीवर. रात्रीच्या मुक्कामी तळावर सगळ्या दिंड्या गोळा होतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदार हातातला चोप उंच करतो. त्या एका काठीसरशी अख्खा समुदाय गप्प होतो. मग दिंड्यांच्या तक्रारी ऐकतात, आणि दिवसभरात काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. आजीला हे कीर्तनाहूनही गोड वाटे. एक तांब्या, एक चष्मा, एक पिशवी, पिशवीत भाकरी. एवढ्या मोठ्या सोहळ्याला एका चष्म्यासाठी थांबायला वेळ आहे, याचं तिला अप्रूप होतं. यादीत कधीकधी एखादी म्हातारीही असायची, आपली दिंडी चुकलेली. एके वर्षी ती स्वतःच त्या यादीत होती. हे ती अशा थाटात सांगायची की, आम्हा नातवंडांना हरवणं हा एक मान असतो असंच पुष्कळ वर्षं वाटत होतं.

आमच्या पालखीला चोपदार नाही, पण धारावीचा एक मुलगा आहे. शीवहून पाच मिनिटांवर त्याच्या मालकाचा कारखाना, चामड्याच्या बॅगा शिवण्याचा. सामान म्हणून तो एक जोड कपडे आणि एक आरी, रापी, मेण लावलेला धागा एवढंच आणतो. मुक्कामाला पोचला की भिंतीला टेकून बसतो, गुडघ्यांत चप्पल धरतो आणि आरीचं टोक आधी स्वतःच्या केसांतून फिरवून तेल लावून घेतो. मग टोक आत जातं, धाग्याचा फास धरून बाहेर येतं, पुन्हा आत जातं, आणि प्रत्येक टाक्याला त्याची खालच्या ओठावरची जीभ किंचित हलते. समोर रांग लागते. बँकेतले मॅनेजर, वकील, इस्टेट एजंट, सगळे हातात चपला घेऊन उभे. “साई, उद्या सकाळी द्या, अंधारात टाका दिसत नाही,” असं तो म्हणाला की मॅनेजरसाहेब मोबाइलची बॅटरी पेटवून त्याच्या डोक्यावर धरतात. त्याच्या स्वतःच्या पायाला फोड आलेले असतात. ते त्याला विचारायचं राहूनच जातं, आणि विचारलं तर तो म्हणतो, चप्पल ठीक आहे ना, मग पाय होईल.

कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की घोटी येतं आणि माझा फोन वाजतो. एव्हाना मनातले बरेच आवाज बसलेले असतात, चालण्याची एक लय लागलेली असते, पाय कोणाचे आहेत हेही विसरायला झालेलं असतं. फोनवर बायको म्हणते, “अहो, घोटीला आहात ना? तिथे भाताच्या गिरण्या आहेत. इंद्रायणी बघा चांगला मिळाला तर. दहा किलो. जुना घ्या.” मी म्हणतो, अगं मी यात्रेला आलोय. ती म्हणते, “म्हणून तर सांगतेय, वाटेवरच आहे.” तिच्या या तर्काला उत्तर नाही. गिरणीत मी तांदूळ तळहातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून, जुन्या-नव्याची चर्चा करत उभा राहतो आणि मागे बघतो तर आमचे अर्धे पदयात्री रांगेत. सगळ्यांच्या घरी फोन आहेत. त्या संध्याकाळी पालखीच्या मागचा टेम्पो इतका खाली बसतो की ड्रायव्हर मंडळाच्या अध्यक्षांना विचारतो, आपण शिर्डीला चाललोय की मार्केट यार्डात?

सिन्नरला फारसं काही घडत नाही. तिथे एव्हाना जे तुटायचं ते तुटून झालेलं असतं आणि जे तुटलं नाही त्याचा भरवसा वाटू लागतो. गोंदेश्वराचं देऊळ बघायचं दरवर्षी ठरतं.

मग शिर्डी. एवढ्या वाटेवर जपलेली, तीन गावच्या हातांनी शिवलेली ती चप्पल शेवटी बाहेर काढून स्टँडवर द्यायची आणि बिल्ला खिशात टाकून अनवाणी रांगेला लागायचं. रांगेत डोळे मिटून नाव घ्यावं, तर बोटं खिशात बिल्ला आहे ना ते चाचपत असतात. या चाळ्याबद्दल मी स्वतःला बोल लावणं सोडून दिलं, ते साईसच्चरितातल्या विटेमुळे. बाबांचं सामान ते केवढं! कफनी, सटका, टमरेल, चिलीम आणि उशाला घ्यायची एक जुनी वीट. १९१८ साली एका पोराच्या हातून झाडलोट करताना ती वीट पडली आणि दुभंगली. बाबांना केवढं वाईट वाटलं. जन्माची सोबत तुटली असं म्हणून ते हळहळले, आणि त्याच विजयादशमीला, १५ ऑक्टोबरला, त्यांनी देह ठेवला. लोक ही कथा सांगताना खूण, संकेत वगैरे शब्द वापरतात. मी द्वारकामाईच्या पायरीवर बसून भेगाळलेल्या टाचांना तेल चोळतो, तेव्हा मला त्यात आधी दिसतो तो उशाशी रोजची वस्तू नसलेला एक थकलेला म्हातारा. वीट शिवून देणारा कोणी नव्हता.

परतीला बस असते. सिन्नर, घोटी, शहापूर खिडकीतून भराभर मागे पडतात आणि मेडिकलचं दुकान कुठल्या बाजूला होतं हे कळायच्या आत बस पुढे गेलेली असते. लालबागला टेम्पो रिकामा होतो, तांदळाच्या पिशव्यांवरून थोडी बाचाबाची होते, आणि दोन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर चिटणीसांचा मजकूर येतो. यंदाचा असा होता: एक स्टीलचा डबा, झाकण नाही. दोन चार्जर. एक चष्मा, दूरचा. एक डाव्या पायाची चप्पल, अंगठा नुकताच शिवलेला, शिलाई पक्की. चप्पल मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्या साईभक्ताची असेल त्याने उजवी दाखवून डावी घेऊन जावी.