चौदा गावचं पाणी

अहो, ऐकलंत का? काल आमच्याकडे मंडळी जेवायला होती आणि विषय निघाला आपल्या एडविनचा. बेसबॉलमधला पिचर एडविन जॅक्सन हो, दुसरा कोण! टायगर्सकडे 2009 साली होता, त्या वर्षी ऑल-स्टारलासुद्धा निवडला गेला, आणि मग अगदी शेवटी 2019 ला परत आपल्या डेट्रॉइटला आला, तो. तर पाहुण्यांपैकी एकजण काय म्हणाले असतील? "बिचारा, कुठेच टिकला नाही." एवढं म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. मी म्हटलं, बिचारा? कशावरून बिचारा? यांनी टेबलाखालून पाय मारला. पण मी कसली गप्प बसते!

बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतात ना, हा त्याच्याही पुढे दोन पावलं. चौदा संघ! मेजर लीगमध्ये त्याच्याआधी एवढे कोणाचे झाले नव्हते. आता शिकागोतले दोन्ही संघ त्यानं केले, व्हाइट सॉक्सही आणि कब्जही, त्यामुळे गावं मोजाल तर तेराच भरतील. पण एवढा हिशोब कोण करतंय! जन्म कुठला, तर जर्मनीतल्या नॉय-उल्मचा. वडील अमेरिकन सैन्यात ना. बिऱ्हाड हलवायची सवय पाळण्यातच लागली म्हणायची.

आणि सुरुवात काय झोकात होती! 2003 सालची 9 सप्टेंबर, बरोब्बर विसावा वाढदिवस, डॉजर्सकडून पहिली मॅच. समोर पिचिंगला साक्षात रँडी जॉन्सन, सहा फूट दहा इंचांचा. भलेभले गार व्हायचे त्याच्यापुढे. आणि हे पोरगं जिंकून आलं! तेव्हा डॉजर्सवाले त्याला कुठे ठेवू नि कुठे नको करत होते. मग चेंडू कुठेही जायला लागला आणि तेच लोक... जाऊ दे. 2006 चा सीझन सुरू व्हायच्या आत टॅम्पाला रवानगी. तिथे 2008 ला 14 मॅचेस जिंकल्या, टीम वर्ल्ड सीरिजला गेली, फिलाडेल्फियाकडून हरली, आणि डिसेंबरात हा आपल्याकडे.

तर काय सांगत होते, आपल्याकडे एकच वर्ष ठेवला. त्या ट्रेडच्या दिवशीचे चेहरे आठवतात ना? डेट्रॉइटचा लाडका ग्रँडरसन गेला यँकीजकडे, एडविन गेला अ‍ॅरिझोनाला, आणि बदल्यात कोण आलं, तर कुणी शर्झर म्हणून पोरगा. एक जॅक्सन गेला तर दुसरा जॅक्सन आला, ऑस्टिन. यांनी तर दोन दिवस टीव्ही लावला नाही. आणि पुढे त्याच शर्झरनं 2013 ला साय यंग अवॉर्ड मिळवलं तेव्हा हेच सगळ्यांना फोन करकरून सांगत होते, मी म्हटलं नव्हतं? कधी म्हटलं होतं हो? मी घरातच होते!

पण खरी गंमत अ‍ॅरिझोनात. 2010 सालची 25 जून. मॅच कुठे, तर टॅम्पातच, जुन्या घरी, जुन्या सोबत्यांपुढे. आणि सुरुवात इतकी वाईट की बघवेना. पहिल्या तीन इनिंग्जमध्ये सात वॉक! तिसऱ्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले, एकही आउट नाही. दुसरा मॅनेजर असता तर हात धरून खाली आणला असता. पण यानं तिथून एकही रन दिला नाही. डोळे मिचकावेपर्यंत तिघं आउट. अ‍ॅरिझोनाच्या बाजूचा रनही एकच, दुसऱ्या इनिंगला लारोशनं होम रन मारला तेवढाच. चेंडू वाढत चालले, शंभर झाले, सव्वाशे झाले, आणि हिट मात्र एकही नाही. मॅनेजर हिंचचा जीव टांगणीला. एवढे चेंडू टाकून खांदा गेला तर बोल कोणाला? आणि एडविन म्हणे बाहेर यायलाच तयार नाही. शेवटी 149 चेंडूंत, आठ वॉक देऊन, नो-हिटर! 1-0!

टॅम्पावाल्यांची तोंडं बघायला हवी होती तुम्ही. आदल्या जुलैत बुर्ली त्यांच्यावर परफेक्ट गेम टाकून गेलेला, मे महिन्यात ब्रेडननं तेच केलेलं, आणि आता वर्ष भरायच्या आत तिसरा, तोही त्यांनीच वाटेला लावलेला मुलगा! बरं, महिन्याभरात त्यांनी राग काढला कोणावर? आपल्यावर! त्यांच्या गार्झानं नो-हिटर टाकला तो टायगर्सविरुद्ध. आपलं काय चुकलं होतं, सांगा.

आणि ऐका, त्या हिंचचं काय झालं? सहा दिवसांत नोकरी गेली! 1 जुलैला काढला. एडविनलाही जुलै संपायच्या आत व्हाइट सॉक्सकडे पाठवला. तिथेही म्हणे त्याला ठेवायचं मनात नव्हतंच, पुढे वॉशिंग्टनला देऊन तिथल्या डनला आणायचा बेत होता. तेव्हा हे सगळं पेपरात आलंच होतं. तो बेत फसला. आणि आता बघा, तोच हिंच 2021 पासून आपल्या टायगर्सचा मॅनेजर! परवा टीव्हीवर दिसला तर मी यांना म्हटलं, हाच तो 149 चेंडूंवाला. हे म्हणाले, कोणते चेंडू? जाऊ द्या.

त्याहून कहर 2011 चा. 27 जुलै. सकाळी एडविन शिकागोचा, मग टोरांटोचा, आणि त्याच दिवशी सेंट लुइसचा! टोरांटोची जर्सी अंगाला लागली नाही की तिथल्या लॉकरवर नाव चढलं नाही. आणि त्याच देवघेवीत त्याच्याबरोबर सेंट लुइसला आणखी कोण गेलं? ऑक्टाव्हिओ डोटेल! हाच डोटेल पुढच्या वर्षी आपल्या डेट्रॉइटला आला आणि 13 संघांचा रेकॉर्ड करून बसला. तो रेकॉर्ड पुढे मोडला कोणी? शेजारच्या सीटवरच्या एडविननं! त्या दोघांना तेव्हा कोणी सांगितलं असतं तर खो खो हसले असते. पण वाईट नाही झालं हो, दोघंही त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकले. आता चौथ्या मॅचला एडविननं सात वॉक दिले आणि मॅच गेली, ते आपण कशाला काढायचं.

मग 2012 ला वॉशिंग्टन, तिथेही एकच वर्ष. मुंबईत भाडेकरू कसे दर अकरा महिन्यांनी नवं अ‍ॅग्रीमेंट करतात, तसंच याचं चाललेलं. आणि अचानक कब्जनी दिलं चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, 5 कोटी 20 लाख डॉलर्सचं! सगळ्यांना वाटलं, आता बूड टेकलं. पण पहिल्याच वर्षी 8 जिंकल्या, 18 हरल्या. दुसऱ्या वर्षी 6 आणि 15. तिसऱ्या वर्षी मध्यातच सोडून दिला. पण कॉन्ट्रॅक्ट ते कॉन्ट्रॅक्ट! 2016 मध्ये हा खेळतोय मायामीकडे, मग सॅन डिएगोकडे, आणि पगाराचा मोठा वाटा अजून कब्जच्या तिजोरीतून. त्याच वर्षी कब्जनी 108 वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली! शिकागोभर आनंदीआनंद, त्यात याच्या चेककडे कोण बघतंय?

मधे अटलांटा झालं, बाल्टिमोर झालं, परत वॉशिंग्टन झालं. तिथे 2017 ला शेजारी कोण? शर्झर! ज्या ट्रेडमध्ये दोघांची घरं बदलली, तोच. त्याला वॉशिंग्टननं सात वर्षांचे 21 कोटी डॉलर्स दिलेले, आणि हा आपला आला तसा राहिला. काय बोलले असतील हो दोघं पहिल्या दिवशी?

तर पाहुणे म्हणाले, टिकला नाही. मी म्हटलं, अहो, ताशी 95 मैलांनी चेंडू टाकणारा हात, तो काय रस्त्यावर पडलाय? प्रत्येक टीमला वाटायचं, आधीच्यांना जमलं नाही, पण आपण याचा कंट्रोल सुधारू. प्रत्येक कोचला वाटायचं, मी याला सरळ करतो. म्हणून घ्यायचे, आणि जमलं नाही की पुढच्या हौशी माणसाला द्यायचे. तो पुढचाही तयारच! आणि स्वभावानं गोड, कोणत्याही क्लबहाउसमध्ये त्याच्याबद्दल वाकडं बोलणारा सापडायचा नाही. 2018 ला ओकलंडमध्ये तर खरंच जमलं, 6 जिंकल्या, 3 हरल्या, ईआरए 3.33. तोवर पस्तिशी आली होती हो त्याची! तो तेरावा संघ.

आणि चौदावा कोणता? टोरांटो! ज्यांची जर्सी अंगाला लागली नव्हती, त्यांनीच आठ वर्षांनी, 2019 च्या मे महिन्यात बोलावून घेतलं. तिथे मात्र फार मार खाल्ला, बघवत नव्हतं. मग शेवटचं बिऱ्हाड आपल्याकडे, डेट्रॉइटला. आणि 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेच्या टीममध्ये जाऊन रौप्यपदक घेऊन आला, मगच रिटायर झाला.

पाहुणे तरी ऐकेनात. म्हणाले, पण 107 जिंकल्या आणि 133 हरल्या, हे खरं ना? मी म्हटलं, खरं. पण हरायलासुद्धा सुरुवातीला चेंडू हातात द्यावा लागतो कोणीतरी. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला 133 वेळा हरायला कोण देईल? पाहुण्यांचा चेहरा असा पडला! आमटीचा चमचा तसाच हातात. यांनी लगेच विषय बदलला, म्हणे भात गरम आहे.

आणि हो, मुख्य बातमी राहिलीच. तो रेकॉर्ड आता एकट्या एडविनचा नाही राहिला! 2025 च्या जुलैत रिच हिल कॅन्सस सिटीकडून खेळला आणि त्याचेही चौदा झाले. वय 45! आणि मॅच कुठे, तर कब्जच्या मैदानावर, कब्जविरुद्ध. 2005 ला ज्यांच्याकडून सुरुवात केली, त्यांच्याचविरुद्ध. आता यांचं म्हणणं, हिल डावखुरा, डावखुऱ्यांना मरेपर्यंत कोणी ना कोणी बोलावतंच, तो पंधरावा संघही करील. मी म्हटलं, करू दे की. पण एका दिवसात तीन गावचा कोणी होऊन दाखवलं, तर मी मानीन.