चार थेंब आत्मशोध

जाऊबाईंचा हेवा वाटतो? हॉली घ्या. सोमवारी ऑफिसला जायचं जिवावर येतं? हॉर्नबीम. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे पालुपद सुटत नाही? हनीसकल. चार थेंब, दिवसातून चार वेळा. षड्रिपूंशी झुंजण्यात संतांनी उगाच हयात घालवली.

या पुष्पौषधींचे जनक एडवर्ड बाख. इंग्लंडमधले रीतसर डॉक्टर, जंतुशास्त्रज्ञही. 1930 मध्ये लंडनचा जम बसलेला व्यवसाय सोडून ते रानफुलांमागे निघाले. बऱ्याच फुलांची कृती सोपी. काचेच्या वाडग्यात झऱ्याचं पाणी, त्यावर फुलं, तीनेक तास ऊन. मग फुलं काढून टाकायची आणि पाण्याइतकीच ब्रँडी ओतायची. त्यातले दोन थेंब पुन्हा 30 मिली ब्रँडीत.

बाटलीत फूल शोधू नका. ब्रँडी सापडेल.

चतुर्थीच्या उपासाला चालते का हो ही?

एकूण औषधं 38. त्यातलं एक तर फुलाचं नाहीच. रॉक वॉटर, म्हणजे झऱ्याचं नुसतं पाणी. कुणासाठी? स्वतःला कडक शिस्तीत जखडून घेणाऱ्यांसाठी. शिस्त सैल करायला ब्रँडी-पाणी लागतं, हे आपल्याकडे आधीच ठाऊक होतं.

सेराटो त्याहून भारी. स्वतःच्या निर्णयावर भरवसा नसलेल्या, दहा जणांना विचारत फिरणाऱ्यांसाठी. ते घ्यावं की नाही, हे अकराव्याला फी देऊन विचारायचं.

बिचाऱ्या बाख यांनी कृती छापून मोकळी केली होती, ज्याला हवं त्यानं घरी करावं म्हणून. आता लेव्हल वन, लेव्हल टू आणि भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र.

एक्सेटर विद्यापीठाच्या एडझार्ड अर्न्स्ट यांनी 2010 मध्ये चाचण्यांचा आढावा घेतला. खोट्या थेंबांशी तुलना झालेल्या एकाही चाचणीत खरे थेंब सरस ठरले नाहीत.

‘पण मला फरक पडला ना!’

पडणारच. मध्ये न बोलता कुणी तासभर तुमचं ऐकून घेतलं, असं घरात शेवटचं कधी घडलं होतं? थेंब ही त्या तासाची पावती. पावतीलाही हरकत नाही. पण झोप उडालेल्या, ताटावरून उठून जाणाऱ्या पोराला ‘आता दुसरी बाटली बघू’ म्हणून महिनोन्महिने डॉक्टरपासून लांब ठेवतात, तिथे गंमत संपते.

राहिलं इम्पेशन्स, उतावळ्यांचं औषध. हे फूल मुळात इंग्लंडचं नव्हेच. हा हिमालयातला तेरडा, आपल्या गौरीपुढच्या तेरड्याचा थोराड चुलतभाऊ. 1839 मध्ये हौसेनं बागेत लावायला नेला, तर पठ्ठ्यानं तिकडचे नदीकाठ बळकावले. आता उन्हाळ्यात स्वयंसेवक टोळ्या करून तो उपटतात.

ते उपटून फेकतात, आपण थेंबानं विकत घेतो.

आणि ऑर्डर देताना विचारतो, ‘आज रात्रीपर्यंत मिळेल ना?’