यालेच जोडून द्या

मागच्या भिंतीवरून उतरणाऱ्या करड्या पाइपाकडे बोट दाखवून 'यालेच जोडून द्या न भाऊ' म्हणणारा गृहस्थ अमरावतीच्या साईनगरात भेटतो, तसा अकोल्याच्या जठारपेठेतही भेटतो. आईचे गुडघे बोलू लागले किंवा मुलाच्या लग्नासाठी वर खोली निघाली, की घरात दुसरा संडास येतो आणि त्याच्या मागोमाग हे वाक्य येतं. लोक त्याला चिकट म्हणतात, आणि ते अन्यायाचं आहे. चिकट माणूस मोरबीची टाइल छतापर्यंत नेत नाही, अलगद मिटणाऱ्या झाकणाचा कमोड मागत नाही, एका नळासाठी दुकानदाराला सतरा खोकी उघडायला लावत नाही. हे सगळं तो हौसेनं करतो. हात आखडतो तो पाइपापाशी. पाहुण्याला जे दिसणार नाही, ते त्याच्या लेखी बांधकामच नव्हे. गाडगेबाबांची समाधी ज्या शहरात आहे, तिथं तो दर 20 डिसेंबरला मनोभावे हात जोडून येतो, घरचं अंगणही लख्ख ठेवतो; पण पाइप भिंतीत शिरला की त्याची स्वच्छता तिथंच थांबते.

त्याच्या बाजूनं एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 'एका पाइपाले दोन संडास? तुंबनच!' हे शेजारच्या काकांचं भाकीत चुकीचं आहे. चार इंची, म्हणजे 110 मिलिमीटरचा उभा पाइप दोन-तीन संडास सहज पेलतो; बहुमजली इमारतींत एकाच पाइपाला मजल्यामागून मजला जोडलेला असतो. म्हणजे जुन्या पाइपाला जोडण्याची कल्पना वाईट नाही. घोळ होतो तो कोणत्या पाइपाला आणि कसं, यात. आपल्या गृहस्थाला पाइप म्हणजे नुसती पोकळी वाटते; जागा असली की माल जाणारच. म्हणून नहाणीचा 75 मिलिमीटरचा पाइप हाताशी दिसला की तो त्यालाच संडास जोडायला सांगतो. संडासाची वाट पुढे जाऊन अरुंद होता कामा नये, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तरी मिस्त्री बिल वाढवतो आहे, असं वाटतं. आडव्या पाइपाला दहा फुटांमागे दोन-तीन इंच उतार लागतो. तेवढ्यानं न्हाणीघराची फरशी वर येईल आणि टाइलची रांग जुळणार नाही, म्हणून उतार कापला जातो. तिरक्या 'वाय'ऐवजी सरळ 'टी' बसते, कारण ती माळ्यावर पडूनच होती. शिवाय पाइपाचं गच्चीवरचं उघडं तोंड वास येतो म्हणून त्यानं मागेच बूच मारून बंद केलेलं असतं. मग वरचा फ्लश सुटला की खाली कोसळणारं पाणी हवा ओढतं, आणि ती गच्चीवरून मिळाली नाही की खालच्या नहाणीच्या ट्रॅपमधून घेतं. डबडब आवाज होतो आणि ट्रॅपमधलं पाणी निघून जातं. 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनच्या घड्याळजीनं शौचकूपाखाली वाकडी नळी घालून पाण्यानं वास अडवायची पद्धत पेटंट केली. तेव्हापासून घरादाराची अब्रू दोन इंच पाण्यावर उभी आहे.

'शेजाऱ्याकडं धा वर्सं चालून राह्यलं ना बाप्पा!' हा त्याचा हुकमी एक्का. शेजाऱ्याचा पाइप कदाचित नीट घातलेला असेल. शेजारी ते कशाला सांगत बसेल? आणि वऱ्हाडात दहा वर्षं हा भरवशाचा पुरावा नाही, कारण खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात भेगेत हात जाईल इतकी फाटते. मुरमाची बैठक न देता पुरलेला पाइप तिच्याबरोबर वरखाली होतो आणि आधीच नावापुरता असलेला उतार एखाद्या वर्षी उलटा होतो. तीच चिकण माती शोषखड्ड्याचं पाणीही मुरू देत नाही, त्यामुळे टाकी भरली की सगळं माघारी येतं. दुसरा आक्षेप जास्त मार्मिक आहे: 'नळालेच रोज पानी नाही, तं एवढा पाइप कायले?' अकोल्यात हा प्रश्न खोटा म्हणता येणार नाही. पण पाणी कमी असेल तर उतार जास्तच काटेकोर हवा, कारण अर्ध्या बादलीनं सपाट पाइपातला मळ पुढे सरकत नाही. पाणी निघून जातं, बाकीचं बसून राहतं. उन्हाळ्यात हे कुटुंब महिनाभर पुण्याला मुलाकडे जातं, इकडे पंचेचाळीस अंशांत ट्रॅप सुकतो, आणि परत येऊन दार उघडलं की गृहस्थ पहिली शिवी नगरपालिकेला हासडतो. अकोल्याला महानगरपालिका होऊन वीस वर्षांवर गेली, पण शिवीसाठी त्याला नगरपालिकाच लागते.

तुंबल्यावर मिस्त्री येतो, फरशी फोडतो आणि पुढच्या वेळी फोडावी लागू नये म्हणून झाकणाचा 'दरवाजा बेंड' बसवायला सांगतो. या वेळी गृहस्थ एका शब्दानं हुज्जत घालत नाही. चांगल्यातला आणतो, समोर उभं राहून बसवून घेतो, आणि झाकण वाईट दिसतं म्हणून त्यावर तीच मोरबीची टाइल पक्की लावून घेतो.