रात्री निघणारा बाबा

"मंदाताई, काल दुपारी ते गाणं तुमच्याकडेच वाजत होतं ना?"

"नातीनं लावलं होतं, 'दमलेल्या बाबाची कहाणी'. गॅदरिंगला बसवतायत. आवाज मोठा झाला का हो वहिनी?"

"आवाजाचं काही नाही. पण आमचे हे त्याच वेळेला झोपतात ना! रात्री मार्केट यार्डात मालाच्या गाड्या लागतात, पहाटे बाजार भरतो, बारा-एकला घरी. कानावर उशी घेऊन पडले होते, मला वाटलं आता चिडतात. तर म्हणाले, पुन्हा लागलं तर लागू दे."

"बघा! कार्यक्रमाला थिएटरात पण हेच व्हायचं. आमच्या ह्यांनी लेकीच्या पाठवणीला टिपूस काढलं नव्हतं, आणि ह्या गाण्याला रुमाल माझ्याकडं मागितला. त्यातल्या बाबाला घरी यायला उशीर होतो, पोर झोपून गेलेली, आणि शेवटी तीच सासरी निघते. कुठला बाप टिकणार?"

"पण कोण हो हे गाणारे? बँड आहे का?"

"कसला बँड! सलील कुलकर्णी पेटीवर, संदीप खरे शेजारी. पुण्याचेच. एक डॉक्टर, एक इंजिनीअर. आपल्याकडं आधी ते होऊन दाखवावं लागतं, मग गाणं. 2003 पासून त्यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम चाललाय. त्याच्या आधी आमच्याकडं पाऊस आला की 'गारवा' लागायचा, मिलिंद इंगळे आणि सौमित्रचा. मग सलील-संदीपची सीडी आली. घ्यायची एकानं आणि कॉपी सगळ्या ऑफिसनं करायची. माझ्या भाच्यानं तर अमेरिकेला जाताना लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली होती."

"म्हणजे सगळ्यांना आवडलं म्हणा."

"सगळ्यांना कुठलं! आमचे थोरले दीर पक्के सवाई गंधर्ववाले. म्हणायचे, ह्याला काय कविता म्हणायचं, बाई कुंपणावरून बोलते तसं लिहिलंय. मी म्हटलं, तिकीट मिळतंय का बघा जरा. तर काळ्या बाजारात शोधत होते, सुनेसाठी म्हणे!"

"आमचे हे मात्र काल एक बोलले हं. म्हणाले, गाण्यातला बाबा उशिरा का होईना, रात्री घरी येतो. मी रात्री निघतो. पोरगी शाळेतून यायची तेव्हा मी घोरत असायचो. हमालांचंही तेच, तोलणारांचंही. आमच्या यार्डातल्या बाबांचं कुणी केलंय का?"

"खरंय की. लिहिणारे पडले ऑफिसवाले, त्यांना संध्याकाळचीच लोकल दिसणार… पण ऐकताना ते स्वतःचंच समजून ऐकतात ना? मग झालं. गॅदरिंगला आणा त्यांना, शनिवारी सकाळी आहे. माझ्याकडं जादा पास आहे."

"शनिवारी? मग जमतंय, यार्डाला सुट्टी. पण पुढच्या रांगेत नका हं बसवू. डोळे पुसताना कुणी फोटो काढला, तर रविवारी गाळ्यावर हमालच चिडवतील."