आपली सही सुखरूप असो

श्रीमंत सहीधनी,
आमच्या कन्येचे तीर्थरूप यांचे सेवेशी,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. खाजगीत मानले असते. पण खाजगीत पाठवलेल्या मजकुरावर आपल्याकडून दोन निळ्या खुणांपलीकडे काही येत नाही, आणि एवढ्या मोठ्या माणसाला त्याहून अधिक तसदी देणं मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून हे खुलं पत्र. आपण वाचलं नाहीत तरी चालेल, बाकीचे वाचतील.

सर्वांत आधी आभार याचे, की आपण कधीही ‘नाही’ म्हणाला नाहीत. लेकीच्या पासपोर्टच्या अर्जासोबत ॲनेक्शर डी नावाचा एक कागद जोडायचा असतो. आई-वडील दोघांनी सही करून सांगायचं, की हे मूल आमचं आणि त्याला पासपोर्ट द्यायला आमची हरकत नाही. तो कागद पाठवला तेव्हा आपण ‘बघतो’ म्हणालात. पुढच्या महिन्यात आठवण केली, तेव्हाही आपण बघतच होतात. एखादा उथळ माणूस ‘देत नाही, जा’ म्हणून मोकळा झाला असता, आणि माझं काम केवढं सोपं करून बसला असता! नकार वकिलाला दाखवता येतो, न्यायाधीशांपुढे ठेवता येतो. ‘बघतो’ कोणापुढे ठेवायचं?

कारणही आपल्याला क्षुल्लकच वाटलं असणार. मे महिन्यात पोरीला मामाकडे जायचं होतं. मराठी मुलांची ही हौस जुनी आहे. आता मामाच मस्कतला नोकरीला गेला, त्यात तिचा दोष नाही. पूर्वी मामाचं गाव एसटीच्या टप्प्यात असायचं आणि कंडक्टर वडिलांची संमती मागत नसे.

आपण सहीबाबत कंजूष आहात, असं मात्र मी कोणालाही म्हणू देणार नाही. सोसायटीच्या पार्किंगच्या अर्जावर मी ती पाहिली आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी भटक्या कुत्र्यांबद्दल महापालिकेला दिलेल्या निवेदनावर तर ती सर्वांत वर होती, खाली दोन टिंबं आणि एक ऐटबाज रेघ ओढून. प्रगतिपुस्तकात ‘पालकाची सही’ अशी एक जागा असते, तिथे तेवढी ती कधी दिसली नाही. तिथे माझी चालते. शाळेला चालते, दातांच्या डॉक्टरांना चालते, लसीकरणाच्या वेळी चालली, फीच्या चेकवर तर फारच आनंदाने चालते.

आपल्यामुळे माझं कायद्याचं शिक्षण झालं, त्याबद्दल दंडवत. आपला घटस्फोट झालेला नाही. परस्परसंमतीने करायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बी खाली दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. म्हणजे तिथेही आपली सही, आणि तीही आपण बघताय. घटस्फोट नाही, म्हणून मुलीचा ताबा कोणाकडे याचा हुकूमनामा नाही. हुकूमनामा असता तर तो काउंटरवर ठेवून मी मोकळी झाले असते. तो नाही, म्हणून पुन्हा आपलीच संमती. एक सही दिली नाही की दुसरी आपोआप मौल्यवान होते, ही सोय आपण किती शांतपणे, जागचं न हलता साधलीत! मुलगी कोणाकडे वाढते हे गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक आहे. फक्त कागदाला ठाऊक नाही.

पासपोर्ट केंद्रात आपली किती आठवण निघाली म्हणून सांगू! तिथे तीन टप्पे असतात. ए काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांचं स्कॅनिंग. बी वर कागदांची तपासणी. सी वर मंजुरी. पडद्यावर आपलं टोकन झळकलं की उठायचं. ए काउंटर लेकीने उत्साहात पार केला, केस दोनदा सारखे करून. बी वरच्या साहेबांनी अर्ज चाळला आणि मान वर न करता विचारलं, “मिस्टर कुठायत?”

“वेगळे राहतात.”

“बाहेरगावी?”

“नाही, वारज्याला.”

साहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “मग घेऊन या ना मॅडम त्यांना! पाच मिनिटांचं काम आहे.”

लेक शेजारीच उभी होती. तिने आपणहून खुलासा केला, “बाबा फोन उचलत नाहीत.” इतक्या सहज, की पाऊस आहे म्हणून रिक्षा मिळत नाही असं सांगावं. साहेब गप्प झाले, मग अर्ज बाजूला ठेवला. आपण तिथे नव्हता, तरी सगळं आपल्याच मर्जीने चाललं होतं. याला म्हणतात घरातला कर्ता पुरुष.

बाहेर झेरॉक्सवाल्यांनीही आपला मान राखला. “वडिलांची सही नाही? मग पाचशेचा स्टॅम्प घ्या, ॲफिडेव्हिट करा, नोटरी करून देतो.” आता परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्येच जाहीर केलंय की ही ॲनेक्शरं साध्या कागदावरची स्वयंघोषणा असतील, नोटरी नको, मॅजिस्ट्रेटही नको. ही बातमी केंद्राच्या दारापासून झेरॉक्सच्या टपरीपर्यंत यायला रस्ता ओलांडावा लागतो, त्यामुळे वेळ लागत असावा.

त्याच फेरबदलात आणखीही गमती होत्या. अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालेल. वेगळं राहणाऱ्याने जोडीदाराचं नाव देण्याची सक्ती नाही. आणि साधू-संन्याशांना आई-वडिलांच्या जागी गुरूचं नाव लावता येईल. क्षणभर मनात आलं, पोरीला भगवी कफनीच शिवावी. या देशात गुरू मिळणं आपल्या सहीपेक्षा नक्कीच सोपं आहे.

आपल्या कृपेने जुने निकालही वाचून झाले. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांना मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायचे होते. बँकेने वडिलांची सही मागितली. गंमत अशी, की तिथे नवरा-बायको एकत्र होते आणि आईची सही पुरे असं दोघांचंही म्हणणं होतं. वडील स्वतः सांगताहेत की माझी सही नको, तरी बँकेचा जीव तिच्यातच! १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वडील हयात असूनही मुलाकडे पाहत नसतील, तर आईच नैसर्गिक पालक. म्हणजे आपण बघत बसायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न सुटलेला होता.

मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७ मध्ये सरकारने जमा करून घेतला आणि कारण सांगायला नकार दिला. त्यातून १९७८ चा तो प्रसिद्ध निकाल आला. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि तो काढून घ्यायचा तर रीतसर, न्याय्य पद्धतीनेच. पण बघा, त्या सरकारने निदान एक पत्र तरी पाठवलं होतं. आपण तेवढाही पुरावा मागे ठेवला नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानेही हाच धागा पुढे नेला. एका अल्पवयीन विद्यार्थिनीला अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जायचं होतं, वडिलांची संमती नव्हती, पासपोर्ट अडला. कोर्टाने तो द्यायला लावला. मुलीला अभ्यासदौऱ्याला जाता यावं म्हणून हायकोर्टाचं खंडपीठ बसावं लागतं, यावरून आपल्यासारख्या वडिलांचं राष्ट्रीय जीवनातलं स्थान लक्षात येतं.

दोघांची संमती मागण्यात काही चूक नाही, हे मी इथे सरळच सांगते, टोमणा नाही. भांडणाच्या भरात एकाने मूल उचलून परदेशी नेलं, तर दुसऱ्याने कोणाचं दार ठोठावायचं? अशी मुलं परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे आणि भारत त्यात सामील नाही. (सही न करण्यात आपण एकटे नाही, देश आपल्या पाठीशी आहे.) तेव्हा ही भीती आपल्याला खरोखर वाटत असेल, तर ती पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवा. कोर्टात जा. परतीचं तिकीट मागा, भावाचा पत्ता मागा, रोज रात्री व्हिडिओ कॉल मागा. मी देईन. पण त्यासाठी आपल्याला लेकीशी बोलावं लागेल, ती कितवीत आहे ते माहीत करून घ्यावं लागेल, कदाचित खर्चाचा विषयही निघेल. ‘बघतो’मध्ये यातलं काही नाही. त्याला खर्च नाही, तारीख नाही आणि कोणी जाब विचारत नाही.

आणि हो, अभिनंदन राहिलंच. आपण गेल्या वर्षी थायलंडला जाऊन आलात. फोटो पाहिले, हत्तीवर फार शोभत होतात. त्याआधी आपला पासपोर्ट नूतनीकरणाला गेला होता. त्यासाठी माझी सही लागली नाही, कोणी “मिसेसना घेऊन या” म्हणालं नाही. बरंच झालं. मी लगेच करून दिली असती आणि आपल्याला उगाच ओझं झालं असतं.

आता थोडं ‘तुम्ही’वर येते, राग मानू नका.

अर्जातून तुमचं नाव गाळायची मुभा होती. मी गाळलं नाही. गाळून जाणार कुठे? आपल्याकडे मुलीच्या नावामागोमाग बापाचं नाव येतंच. शाळेच्या दाखल्यावर येतं, आधारवर येतं, बक्षीस समारंभात माइकवरून पुकारतात तेव्हा येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं. आमची लेक त्याच्या बरीच वर्षं आधी जन्मली, तिचं नाव जुन्याच चालीचं. पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’च्या रकान्यातही तिच्या नावाला चिकटून तुमचंच नाव आहे. ती ते तेरा वर्षं सगळीकडे बाळगते आहे. तुम्हाला ते तिच्यासाठी एकदा लिहायचं होतं.

असो. ॲनेक्शर डी न मिळालेल्यांसाठी ॲनेक्शर सी असतं. दुसऱ्या पालकाची संमती का मिळाली नाही, याचं कारण त्यात अर्ज करणाऱ्याने लिहायचं. ‘वडील बघत आहेत’ असं लिहायचा फार मोह झाला होता. आवरला, ‘वारंवार विनंती करूनही प्रतिसाद नाही’ असं लिहिलं आणि तिन्ही निकालांच्या छापील प्रती जोडून पुन्हा गेले. या वेळी बी काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी कारण वाचलं, माझ्याकडे पाहिलं, लेकीला कितवीत आहेस ते विचारलं आणि शिक्का मारला. नंतर पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांनी ‘मिस्टर काय करतात?’ विचारलं. ‘बघतात,’ मी म्हणाले.

पासपोर्ट आला. फी हजार रुपये. ती मागत नाही, हिशेब असावा म्हणून लिहिलं. मे मात्र उलटून गेला होता, लेक दिवाळीत जाईल.

लेकीच्या वयाच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. लेकीला नुकती तेरा पूर्ण झाली. पुढचा अर्ज ती करेल तेव्हा ती सज्ञान असेल आणि त्या अर्जाला आई-वडिलांच्या संमतीचा कागद जोडावाच लागत नाही. तेव्हा आपण आता निवांत बघा.

कळावे, लोभ आहेच, वृद्धी नसावी ही विनंती.

आपली, कागदोपत्री,
लेकीची आई

ता. क. : हे पत्र आपल्या खांद्यावरून वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशीच एखादी सही अडकली असेल, तर त्यांच्यासाठी. ॲनेक्शर सी मागा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोटरी लागत नाही. काउंटरवर नाही म्हणाले तर का नाही ते लिहून मागा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.